घरची शुश्रूषा आणि सरकारचा हातभार

भुसावळहून खांडव्याकडे निघालेली गाडी रावेर मागे टाकते, तेव्हा महाराष्ट्राची हद्द सरत आलेली असते. मग बऱ्हाणपूर लागते आणि त्यापुढे थोड्याच वेळात नेपानगरचे स्थानक येते. बऱ्हाणपुराला शतकांचा इतिहास आहे. नेपानगरला तो नाही. हे गाव कागदाच्या कारखान्यासाठी वसले आणि त्याचे नावही कारखान्यावरूनच पडले. १९४७ साली खासगी भांडवलावर सुरू झालेली ही योजना १९४९ मध्ये तत्कालीन मध्य प्रांताच्या सरकारने हाती घेतली, १९५५ च्या जानेवारीत यंत्रे फिरू लागली, आणि २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित जवाहरलाल नेहरूंनी हा कारखाना राष्ट्राला अर्पण केला. वृत्तपत्राचा कागद भारतात तयार करणारा हा पहिला कारखाना. सलईचे लाकूड आणि बांबू यांच्या लगद्यापासून येथे निघालेल्या कागदावर देशातील वृत्तपत्रे कित्येक वर्षे छापली गेली. पुढे कारखान्याची अवस्था खालावली, २०१६ मध्ये नूतनीकरणासाठी उत्पादन थांबले आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये ते पुन्हा सुरू झाले. मधल्या काळात पुष्कळ कामगार निवृत्त झाले आणि त्यांची मुले पोटापाण्यासाठी इतरत्र गेली. गावात आता वयोवृद्धांची संख्या लक्षात येण्याजोगी आहे.

अशा गावातील एखादे घर डोळ्यांपुढे आणावे. घरातील कर्ता पुरुष एकेकाळी लगद्याच्या विभागात पाळ्या करीत असे. आज त्याचे वय सत्तरीच्या पुढे आहे. एके पहाटे त्याला पक्षाघाताचा झटका येतो. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा एकदमच जाते. घरची मंडळी त्याला प्रथम बऱ्हाणपुरास व तेथून इंदुरास नेतात. येथपर्यंत सरकारचा हात त्याच्या पाठीशी आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाकाठी ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचार विनामूल्य मिळतात. आणि २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे व त्यावरील प्रत्येक नागरिकाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, ह्या योजनेचे दार उघडे झाले आहे. खाट, औषधे, तपासण्या, शस्त्रक्रिया, एवढेच नव्हे तर दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस, ह्या सर्वांचा खर्च तीत धरलेला आहे. पन्नास वर्षांपूर्वी अशा आजारात शेत किंवा दागिना विकल्यावाचून गत्यंतर नसे, हे ज्यांना आठवते त्यांना ह्या योजनेचे मोल सांगावयास नको.

प्रश्न उभा राहतो तो सोळाव्या दिवशी.

त्या दिवशी रुग्ण घरी असतो. डॉक्टरांचे काम बहुतांशी संपलेले असते आणि ज्याला शुश्रूषा म्हणतात ते काम खऱ्या अर्थाने सुरू झालेले असते. उपचार आणि शुश्रूषा हे दोन शब्द बोलण्यात जोडीने येतात, परंतु त्यांचे स्वरूप अगदी निराळे आहे. उपचाराला आरंभ आणि शेवट असतो, त्याचे बिल करता येते, त्याला शास्त्राची पदवी लागते. शुश्रूषेला शेवट ठाऊक नसतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलावी लागते; नाही तर माकडहाडापाशी, टाचांवर, खांद्यावर कातडी लाल होते, सोलवटते आणि पाहता पाहता हाडापर्यंत जखम जाते. दोन तासांनी एकदा म्हणजे दिवसरात्रीत बारा वेळा. त्यांतील चार-पाच वेळा तरी ऐन झोपेत उठावे लागते. घास नरडीत अडकून फुप्फुसात जाऊ नये म्हणून त्याला उशा लावून बसवून, पातळ अन्न चमच्याने, घाई न करता भरवावे लागते. लघवीची पिशवी रिकामी करणे, अंग पुसणे, चादरी बदलणे, आखडलेल्या बोटांचा व्यायाम, गोळ्यांच्या वेळा सांभाळणे, आणि ह्या सर्वांच्या भरीला, बोलता न येणाऱ्या माणसाच्या मनात काय आहे ते त्याच्या डोळ्यांवरून ओळखणे. हे सारे करणारी व्यक्ती कोण असते? दहांपैकी निदान सात-आठ घरांत तरी ती पत्नी, सून किंवा मुलगी असते, असे म्हटल्यास कोणी फारसा वाद घालील असे वाटत नाही. आणि नुसत्या अंदाजावर विसंबण्याचेही कारण नाही. २०२४ साली केंद्र सरकारने देशभर केलेल्या वेळेच्या वापराच्या पाहणीत असे आढळले की, पंधरा ते एकोणसाठ वयाच्या स्त्रियांपैकी ४१ टक्के स्त्रिया घरातील माणसांची देखभाल करतात व त्यांचा रोजचा १४० मिनिटांचा वेळ त्यात जातो. पुरुषांत हे प्रमाण २१ टक्क्यांच्या थोडे वर आणि वेळ ७४ मिनिटे. ह्या पाहणीत मुलांची देखभालही आली. तथापि ओझे कोणाच्या खांद्यावर आहे हे त्यावरून पुरेसे स्पष्ट होते.

ह्या कामाचा मोबदला सरकारने द्यावा काय, आणि द्यावयाचा तर कोणाला व कसा, हा आजच्या भाषणाचा विषय.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू जाता एक सुखद आश्चर्य वाट्याला येते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा संसदेने २०१६ च्या अखेरीस संमत केला व तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. ह्या कायद्याने शुश्रूषा करणाऱ्याची व्याख्याच करून ठेवली आहे. दिव्यांग व्यक्तीची देखभाल करणारा, तिला आधार किंवा साहाय्य देणारा कोणीही इसम, मग तो मोबदला घेत असो वा नसो. आणि त्यात आईवडील व कुटुंबातील इतर माणसे येतात असे स्पष्ट शब्दांत म्हटले आहे. पिढ्यान् पिढ्या जी स्त्री ‘घरीच असते’ एवढ्या दोन शब्दांत मोजली गेली, तिला कायद्याच्या पुस्तकात नाव मिळाले, ही गोष्ट लहान नव्हे. त्याच कायद्याच्या २४ व्या कलमात, ज्यांना मोठ्या प्रमाणावर आधाराची गरज आहे अशा दिव्यांगांसाठी शुश्रूषा-भत्ता देण्याच्या योजनेचा उल्लेख आहे.

परंतु कायद्याची भाषा बारकाईने वाचणाऱ्याच्या लक्षात येते की, ह्या कलमाचा आरंभच सरकारच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेने झाला आहे, आणि भत्त्याचा समावेश योजनेत ‘करता येईल’ असे म्हटले आहे, ‘करावाच लागेल’ असे नाही. एका क्रियापदाच्या फरकाने कायदा आश्वासनाच्या पायरीवर थांबला. परिणामी हा भत्ता द्यावयाचा की नाही, किती द्यावयाचा, हे ज्या त्या राज्यावर राहिले.

मग नेपानगरच्या त्या घराला आज प्रत्यक्षात काय मिळते? सरकारी रुग्णालयाच्या मंडळाकडून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळाल्यास आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखालील असल्यास पेन्शन मिळू शकते. केंद्राच्या दिव्यांग पेन्शन योजनेत ऐंशी टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असणाऱ्यासाठी केंद्राचा वाटा महिना ३०० रुपयांचा आहे. मध्यप्रदेश सरकारने आपली भर घालून सामाजिक सुरक्षा पेन्शनची रक्कम २०१९ मध्ये ३०० वरून ६०० रुपये केली. सहाशे रुपये म्हणजे दिवसाला वीस. चोवीस तासांनी भागल्यास तासाला एक रुपयाही पडत नाही. आणि ही रक्कम रुग्णाच्या नावाची आहे. त्याची कूस बदलणारीसाठी त्यात काहीच धरलेले नाही.

आता हेच घर नेपानगरऐवजी हद्दीपलीकडे रावेर तालुक्यात असते तर? तेथे १९८० पासून चालत आलेली संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. तिची रक्कम २०२३ मध्ये १,५०० रुपये झाली आणि दिव्यांगांसाठी ती २०२५ मध्ये २,५०० रुपये करण्यात आली. अर्थात उत्पन्नाची मर्यादा तेथेही आहे व ती फार वरची नाही. भाषा तीच, बाजारहाट तोच, सोयरीकही बऱ्हाणपूर व रावेर यांच्यात होते. बहीण नेपानगरला आणि भाऊ रावेरला, अशी घरे काही थोडी नाहीत. दोघांच्याही घरी सारख्याच आजाराचा रोगी असेल, तर राज्याच्या एका सीमारेषेमुळे एकाला दुसऱ्याच्या चौपट साहाय्य मिळते. संघराज्यात असे व्हायचेच, असे सांगून हा विषय मिटविता येतो. भाऊबहिणीच्या बोलण्यात मात्र तो इतक्या सहजी मिटत नसेल. महाराष्ट्रात आणखीही एक वाट आहे. स्थानिक संस्थांनी आपल्या उत्पन्नाचा पाच टक्के भाग दिव्यांगांसाठी राखून ठेवावयाचा असतो आणि त्यातून पिंपरी-चिंचवड महापालिकेसारख्या संस्थेने मतिमंद व्यक्तींचा सांभाळ करणाऱ्या पालकांना अर्थसाहाय्य देण्याची योजना चालविली आहे. सांभाळणाऱ्याकडे पाहून पैसा देण्याची ही उदाहरणे आपल्याकडे विरळाच.

देशात त्या दिशेने स्पष्ट पाऊल टाकले ते केरळने. ‘आश्वासकिरणम्’ ही योजना तेथे २०१० पासून आहे. अंथरुणाला खिळलेल्या किंवा तीव्र दिव्यांगत्व असलेल्या माणसाची अहोरात्र देखभाल करावी लागत असल्यामुळे ज्याला बाहेर कामावर जाता येत नाही, अशा घरच्या माणसाला महिना ६०० रुपये देण्याचे तिने ठरविले. रक्कम अल्प आहे आणि हप्ते थकल्याच्या तक्रारीही तेथे वारंवार झाल्या. तरीही ‘ह्या बाईची मजुरी बुडते’ ही गोष्ट सरकारी कागदावर मान्य झाली, हे त्या योजनेचे खरे महत्त्व.

येथे कोणी म्हणेल की, शुश्रूषेची किंमत ठरविणे सरकारला ठाऊकच नाही, तर ते भत्ता कसा ठरविणार? हे म्हणणे टिकणारे नाही. सरकारला ही किंमत चांगली ठाऊक आहे. फक्त ती सर्वांना लागू केलेली नाही. सैन्यात शंभर टक्के अपंगत्व येऊन जो सर्वस्वी दुसऱ्यावर अवलंबून राहतो, त्याला सतत मदतनीस लागतो म्हणून वेगळा भत्ता देण्याची रीत पूर्वीपासून आहे. सहाव्या वेतन आयोगानंतर हाच भत्ता सेवेत असताना अपंगत्व आलेल्या मुलकी नोकरांनाही महिना ३,००० रुपये ह्या दराने मिळू लागला. महागाईबरोबर तो वाढत गेला आणि १ जुलै २०१७ पासून ६,७५० रुपये झाला. म्हणजे दिवसाला सव्वादोनशे. हा मदतनीस कोण असावा, पगारी नोकर की पत्नी, याची चौकशी त्यात मुख्य नाही. गरज आहे एवढे पुरे. न्यायालयांनाही हा हिशेब अवघड गेलेला नाही. रस्त्यावरील अपघातात कायमची परावलंबी झालेल्या एका बालिकेच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दोन परिचरांचा मिळून महिना १०,००० रुपये खर्च धरला आणि त्याला अठराने गुणून वर्षांची बेरीज केली. तेव्हा गणित जमते. सरकारी नोकराचा मोडलेला कणा आणि कागदकामगाराचा किंवा कोरकू शेतमजुराचा निकामी झालेला मेंदू, ह्यांच्या शुश्रूषेत श्रमाचा फरक कोणता, हे मात्र कोणत्याही नियमात सांगितलेले नाही.

सरकारी नोकरीतील स्त्रियांसाठी आणखी एक चांगली सोय २००८ पासून आहे, तिचाही उल्लेख केला पाहिजे. केंद्र सरकारच्या स्त्री-कर्मचाऱ्याला मुलांच्या संगोपनासाठी, त्यांच्या आजारपणासाठी व परीक्षांसाठी सबंध नोकरीत मिळून ७३० दिवसांची पगारी रजा मिळते. अपत्य दिव्यांग असल्यास त्याच्या वयाची अटही आता उरलेली नाही, आणि पुढे एकट्याने मुले वाढविणाऱ्या पुरुषालाही ती देण्यात आली. पहिल्या ३६५ दिवसांना पूर्ण वेतन व नंतरच्या दिवसांना ऐंशी टक्के. कुटुंबातील शुश्रूषेला सरकारने पगार द्यावा ही कल्पना आपल्या देशात परकी नाही, याचा हा ढळढळीत पुरावा. फक्त ही रजा वृद्ध आईबापांसाठी नाही, आणि ज्यांना पगारच नाही त्यांना रजा कोठून? प्राप्तिकरातील सवलतीचेही तसेच आहे. अवलंबून असलेल्या दिव्यांग नातेवाइकासाठी ७५,००० आणि तीव्र दिव्यांगत्वासाठी १,२५,००० रुपयांची वजावट १९६१ च्या कायद्याखाली मिळत आली. पण ज्याला करच भरावा लागत नाही त्याच्या हाती तिच्यातून पैही पडत नाही.

परदेशांकडे पाहावयाचे ते अनुकरणासाठी नव्हे, तर त्यांच्या चुका आपल्याला फुकट शिकावयास मिळतात म्हणून. इंग्लंडने १९७६ साली घरी रोग्याची देखभाल करणाऱ्यांसाठी भत्ता सुरू केला आणि त्यातून विवाहित स्त्रियांना वगळले! लग्न झालेली बाई घरी असणारच, तिचे उत्पन्न बुडते कोठे, असा त्यामागील युक्तिवाद होता. आईची सेवा करण्यासाठी नोकरी सोडलेल्या एका विवाहित स्त्रीने दाद मागितली, प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेले, आणि १९८६ मध्ये ही अट रद्द झाली. दहा वर्षे त्या देशात सर्वांत जास्त सेवा करणारा वर्गच सेवेच्या भत्त्याबाहेर होता.

अमेरिकेतील प्रसंग निराळा. तेथे गरिबांसाठी १९६५ पासून असलेली मेडिकेड योजना रुग्णालयाचे आणि शुश्रूषागृहाचे पैसे देई, घरच्या देखभालीचे देत नसे. आयोवा राज्यातील केटी बेकेट ही लहान मुलगी मेंदूच्या दाहामुळे श्वसनयंत्रावर होती. घरी नेल्यास खर्च पुष्कळ कमी होणार होता, परंतु घरी नेताच सरकारी मदत बंद होणार होती. म्हणून आईबाप जवळ असताना ती रुग्णालयातच राहिली. १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी हा विपर्यास जाहीरपणे बोलून दाखविला आणि त्याच वर्षी राज्यांना घरच्या सेवेवर हा पैसा खर्च करण्याची मुभा मिळाली. पुढे आर्कान्सा, न्यू जर्सी व फ्लॉरिडा ह्या राज्यांत, ठरावीक रक्कम रोग्याच्या हाती देऊन मदतनीस त्यानेच निवडावा, अगदी नातेवाईकसुद्धा, असा प्रयोग झाला. त्यात रोग्यांचे समाधान वाढले व त्यांच्या अपुऱ्या राहणाऱ्या गरजा कमी झाल्या. न्यू जर्सीत मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. मात्र भारतातून मुलाकडे राहावयास गेलेल्या आईवडिलांना कायम वास्तव्याचा परवाना मिळाल्यानंतरही साधारणपणे पाच वर्षे ह्या मदतीची वाट पाहावी लागते, हे तेथे जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवलेले बरे.

सर्वांत उद्बोधक आहे तो जर्मनी आणि जपान यांच्यातील फरक. जर्मनीने १९९५ मध्ये शुश्रूषेचा स्वतंत्र विमाच काढला. रोग्याच्या परावलंबनाच्या पायऱ्या ठरविल्या आणि प्रत्येकाला निवड दिली: संस्थेची परिचारिका घरी येऊ द्या, किंवा रोख रक्कम घेऊन घरच्या माणसाकडून सेवा करवा. २०२५ मध्ये दुसऱ्या पायरीला महिना ३४७ युरो, तर पाचव्या म्हणजे सर्वांत कठीण पायरीला ९९० युरो रोख मिळत होते. संस्थेची सेवा घेतल्यास तिची किंमत ह्याच्या दुपटीहून अधिक धरलेली होती. तरीही पुष्कळ कुटुंबे रोख रक्कम पसंत करतात. शिवाय घरी सेवा करणाऱ्याच्या नावाने निवृत्तिवेतनाचा हप्ताही हा विमा भरतो. त्यामुळे जिने दहा वर्षे सासऱ्याची सेवा केली तिची म्हातारपणाची तरतूद त्या दहा वर्षांत थांबत नाही.

जपानने शुश्रूषेचा विमा २००० मध्ये सुरू केला. चाळिशीपुढील प्रत्येकाकडून वर्गणी घ्यावयाची आणि निम्मा खर्च करांतून भागवावयाचा. परंतु रोख रक्कम द्यावयाची नाही, फक्त सेवा द्यावयाच्या, असे त्याने ठरविले. आणि हा आग्रह धरणाऱ्यांत तेथील स्त्रिया पुढे होत्या. केइको हिगुची ह्या विदुषीने व तिच्या सहकारी स्त्रियांनी असे म्हटले की, रोख पैसे दिलेत तर ते घरच्या नावाने येतील, पुरुषांच्या हाती जातील आणि सून मात्र रोग्याच्या उशाशी पूर्वीपेक्षा अधिक घट्ट बांधली जाईल. कारण आता तर ‘तिला पैसे मिळतात’. त्याऐवजी दिवसा म्हाताऱ्यांना नेणारी केंद्रे काढा, घरी अंघोळ घालणारी माणसे पाठवा, सुनेला चार तास मोकळे करा. सत्ताधारी पक्षातील काहींना आईबापांच्या सेवेची रीत पैसे देऊन टिकवावी असे वाटत होते. त्यांचा पक्ष मागे पडला.

मराठी घरात सून हा शब्द उच्चारला की हा वाद जपानचा राहत नाही. आपल्याकडे ह्या विषयावर बोलताना पहिला आक्षेप असा येतो की, आईबापांच्या सेवेला मोल कसले लावता? पुंडलिकाने विटेवर देवाला उभे ठेवले ते काय भत्त्यासाठी? हा आक्षेप मनापासून घेतलेला असतो, म्हणून तो हसण्यावारी नेऊ नये. परंतु पुंडलिकाच्या कथेत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे: सेवा पुंडलिक स्वतः करीत होता, आपल्या पत्नीकडून करवून घेत नव्हता. सेवेचे पुण्य मुलाच्या खात्यावर आणि सेवेचे श्रम सुनेच्या अंगावर, ही वाटणी पुढच्या काळाने केलेली आहे. आणि जी बाई कपाशी वेचण्याची किंवा शिवणकामाची रोजची कमाई सोडून रोग्यापाशी बसते, तिला त्या कमाईचा काही भाग परत देणे हे सेवेला मोल लावणे नव्हे. ते तिची बुडालेली मजुरी भरून देणे आहे.

तेव्हा भारतासारख्या देशाने जर्मनीचा मार्ग धरावा की जपानचा? प्रामाणिक उत्तर असे की, नेपानगरसारख्या ठिकाणी जपानचा मार्ग आज पुरता शक्य नाही, कारण घरी पाठवावयाला प्रशिक्षित माणसेच थोडी आहेत; आणि जर्मनीचा मार्ग जसाच्या तसा घेतल्यास हिगुचीबाईंची भीती येथे अधिकच खरी ठरेल. म्हणून रोख रक्कम द्यावयाची तर ती शुश्रूषा करणारीच्याच बँक खात्यात जावी, रुग्णाच्या पेन्शनमध्ये मिसळू नये, आणि तिच्या जोडीला विसाव्याची सोय असावी. आठवड्यातून एक दिवस दुसऱ्या कोणी रोग्यापाशी बसले, तर तिला स्वतःच्या पाठदुखीसाठी दवाखान्यात तरी जाता येईल. ही विसाव्याची कल्पना सरकारी दप्तराला नवी नाही. आत्ममग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९ च्या कायद्याने जो राष्ट्रीय न्यास स्थापन झाला, त्याने अशा विसावा-केंद्रांची ‘समर्थ’ योजना आणि घरची देखभाल शिकविणारी ‘सहयोगी’ योजना आखलेली आहे. त्याच्याच ‘निरामय’ विम्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतच्या खर्चात बाह्यरुग्ण उपचार आणि नियमित व्यायामोपचारही बसतात. पक्षाघाताने खिळलेल्या वृद्धाला मात्र हा न्यास लागू नाही. त्याच्यासाठी २०१० चा राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रम आहे, आणि घराबाहेर पडू न शकणाऱ्या वृद्धांकडे आरोग्यसेवकाने घरी जाऊन पाहावे असे त्यात म्हटले आहे. आशा कार्यकर्ती नवजात बालकाच्या घरी ठरावीक दिवशी जाते आणि त्या फेऱ्यांचे मानधन तिला मिळते. आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसासाठी तशीच फेऱ्यांची पत्रिका आखणे फारसे कठीण नाही. कूस कशी बदलावी, घास कसा भरवावा, जखमेची पहिली खूण कोणती, हे एकदा हाताने करून दाखविले तर पुष्कळ रोगी पुन्हा रुग्णालयात जाण्याचे टळतील आणि आयुष्मान योजनेचाच खर्च वाचेल. सरकारी हिशेबनिसाला पटण्याजोगा एवढा एक मुद्दा ह्या विषयात आहे.

तोवर श्रोत्यांपैकी ज्यांच्या घरी असा रोगी आहे त्यांनी काही गोष्टी लांबणीवर टाकू नयेत. रुग्णालयातून निघण्यापूर्वी पुढच्या पंधरा दिवसांची औषधे योजनेतून मिळतात की नाही ते विचारून घ्यावे. आजार स्थिरावला म्हणजे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व देशभर चालणारे ओळखपत्र काढावे; पेन्शन, रेल्वेची सवलत, कराची वजावट, सर्वांची किल्ली तेच आहे. कामगार भविष्यनिधीच्या १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेत असलेल्यांच्या घरी कायमचे दिव्यांग अपत्य असेल, तर त्या अपत्याला आईवडिलांच्या मागे वयाची अट न लागता आयुष्यभर पेन्शन मिळू शकते. त्याची नोंद हयातीतच करून ठेवावी. आणि २०१६ च्या कायद्याचे ३८ वे कलम विसरू नये. मोठ्या आधाराची गरज असलेल्या दिव्यांगाने त्यासाठी राज्याने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करावयाचा, त्या अधिकाऱ्याने तो तपासणी मंडळापुढे ठेवावयाचा, आणि मंडळाने गरज किती व कोणत्या प्रकारची हे ठरवून द्यावयाचे, असे हे कलम सांगते. जो बोलू शकत नाही व ज्याचा हात चालत नाही त्याने अर्ज कसा करावा, याचाही विचार त्यात केलेला आहे. त्याच्या वतीने दुसऱ्या कोणत्याही व्यक्तीला तो करता येतो. म्हणजे नेपानगरच्या त्या घरात तो अर्ज त्याची पत्नी किंवा सून स्वतःच्या सहीने करू शकते.